डबल बेल

आमच्या शेजारचे रामटेके काकाजी रोज सकाळी सायकल घेऊन फाटकाबाहेर येतात, तिच्यावर बसतात, एक पाय पायडलवर ठेवतात, एक जमिनीवर, आणि तसेच थांबतात. रस्ता मोकळा असतो. चाकांत हवा असते. पण काकाजी हलत नाहीत. मग सुशीलाकाकू हातातलं काम टाकून बाहेर येतात आणि ताटलीवर चमच्याने दोन टोले देतात. टण टण. काकाजी मागे न बघता निघतात.

बदली होऊन मी नवेगावबांधला नवी नवी राहायला आले, तेव्हा मला वाटलं, नवसाबिवसाचा प्रकार असेल. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "नवस कायचा बाई! यष्टीत कंडक्टर होते ना हे. जनमभर दुसऱ्याले बेल देली, आता सोताले पाहिजे."

एस.टी.चा कायदा साधा आहे. कंडक्टरने दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते. काकाजी निवृत्त झाले, पण कायदा काही निवृत्त झाला नाही. एकदा लाखोरीच्या डाळीत मीठ जास्त पडल्यावरून नवरा-बायकोत वाजलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी ताटलीवर एकच टोला दिला आणि त्या आत निघून गेल्या. काकाजींनी सायकल स्टँडवर लावली आणि दुपारच्या जेवणापर्यंत ओट्यावर बसून राहिले. बाजार राहिला, दळण राहिलं. शेवटी काकूंनाच पीठ हवं होतं म्हणून दुसरा टोला पडला.

मी एकदा सुचवून पाहिलं, "काकाजी, तुमच्या सायकलला घंटी आहे की. स्वतःच वाजवा आणि निघा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना विनातिकीट प्रवास करायला सांगितलं होतं.

"मॅडमबाई, सायकलवर मी ड्रायव्हरच्या जागेवर बसून राहिलो ना? ड्रायव्हर आपल्या मनानं गाडी हालवत नसते. सोताच बेल द्याची अन् सोताच निंगाचं, त्याले गाडी सुटनं म्हनत नाई. त्याले पळून जानं म्हनते."

मी शाळेत भूगोल शिकवते. या विषयात माझा अभ्यास नाही.

पुढे मला साखर निघाली आणि डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर सायकलही लिहून दिली. तेव्हापासून रविवारी आम्ही तिघं सायकलने जंगलाच्या अंगाने फिरायला लागलो. आमच्या शाळेचे गणिताचे डोंगरवार सर, बँकेत नागपूरहून बदलून आलेली नेहा आणि मी. सरांच्या मोबाइलमध्ये रस्ते दाखवणारं ॲप होतं. पहिल्याच रविवारी त्या ॲपने आम्हाला कुणाच्यातरी धानाच्या बांधीत नेऊन उभं केलं आणि 'आपण पोहोचला आहात' असं जाहीर केलं. चिखलातून सायकली ओढत परत येताना काकाजी पारावर बसलेले दिसले. त्यांनी आमच्या पायांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "पुढच्या रविवारी मी येतो. सीट किती हायेत?"

सीट म्हणजे माणसं. त्या दिवसापासून आम्ही तिघं 'तीन सीट' झालो.

फेरी काकाजींनी ठरवली. तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून निघायचं, वनखात्याच्या नाक्यावर पाणी प्यायचं, मग डोंगर चढून पलीकडे उतरायचं आणि चिचटोल्याच्या फाट्यावरून धानाच्या सपाट रस्त्याने घरी. डोंगर म्हटल्यावर पश्चिमेकडची मंडळी हसतील. त्यांच्या सह्याद्रीपुढे आमचे डोंगर म्हणजे ताटातल्या भाताएवढे. पण त्यांनी एकदा वाघझरीचा घाट सायकलने चढून बघावा. दोन्ही बाजूंना साग, ऐन, मोह आणि बांबू. वळणागणिक वाटतं की हे शेवटचं, आणि प्रत्येक वळणाच्या मागे आणखी एक दबा धरून बसलेलं असतं.

काकाजी कधीच पुढे होत नसत. "कंडक्टर गाडीच्या म्होरं पळत असते का?" सोयीप्रमाणे ते ड्रायव्हरही असत आणि कंडक्टरही. मागून त्यांची शिट्टी ऐकू यायची. कुणी रेंगाळलं की, "पुढं सरका जी, पुढं सरका, समोर पुरी गाडी खाली हाय!" समोर सगळं राष्ट्रीय उद्यान मोकळं असायचं, हे खरंच होतं. कुणाला सायकल वळवायची असेल तर ते मागे जाऊन उभे राहायचे आणि कॅरिअरवर थापा मारायचे. "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... बस्स!" अख्ख्या बाजारात नेहाची सायकल त्यांनी अशी रिव्हर्स घेतली, तेव्हा ती हेल्मेटमध्ये तोंड लपवून घेत होती.

आणि थांबे. जिथे एस.टी.चा थांबा, तिथे आमचा थांबा. मग तिथे कुणी असो नसो. काकाजी शिट्टी वाजवून सगळ्यांना उतरवत, दोन्ही बाजूंना बघत, "चला, मोहटोलावाले कोनी हायेत काय?" असं विचारत आणि मग माझ्याकडे वळत. डबल बेल देणं माझ्याकडे होतं. सरांच्या आणि नेहाच्या गिअरच्या सायकलींना घंटीच नव्हती. काकाजींच्या मते, ज्या गाडीला घंटी नाही ती गाडी नव्हे, भंगार.

सगळ्यात कठीण थांबा घाटमाथ्यावरचा. पूर्वी तिथे एक टोला होता, म्हणजे छोटी वस्ती. जंगल राखीव झालं आणि ते गाव उठून बाहेर वसलं. एस.टी.चा मोडका सिमेंटचा ओटा तेवढा राहिला. तिथे माकडंसुद्धा फिरकत नाहीत. तरी काकाजी तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबत.

"इथं कोण चढणार आहे, रामटेकेजी?" डोंगरवार सर घाम पुसत विचारत.

"चढत नाई कोनी. पन थांबा हाय ना!"

गोष्टी सांगायला लागले की त्यांच्या प्रत्येक गोष्टीत पटले ड्रायव्हर असायचे. केशोरीची मुक्कामी गाडी या दोघांनी वर्षानुवर्षं चालवली. पटलेभाऊ कसे शिव्या देत, पटलेभाऊंनी वाटेतल्या अस्वलाला कसा हॉर्न देऊन रस्ता दिला, पटलेभाऊ गिअर टाकताना कसे देवाचं नाव घेत. सगळं भूतकाळातलं. त्यामुळे मी आपली समजत होते की पटलेभाऊ देवाघरी गेले.

एक गोष्ट मात्र कुणालाच उलगडत नव्हती. चिचटोल्याच्या फाट्यावर काकाजी आम्हाला सोडत. "तुमी व्हा पुढं. माझी गाडी अठी लागते," म्हणत आणि गावात वळत. आम्ही दहाच्या आत घरी. काकाजी उन्हं कलल्यावर येत, आणि तेही पायी, सायकल हाताने धरून. दर रविवारी. मी फाटकात उभी असले की विचारायची, "काय काकाजी, पंक्चर?"

"नाई."

"मग?"

"बेल नाई भेटली."

मला वाटायचं, विनोद करतात. मी हसायची. तेही हसायचे.

शेवटी काकूंनीच एकदा सांगितलं. मोहफुलं वाळवायला पसरवता पसरवता, अगदी साध्या आवाजात. "पटले ड्रायव्हरच्या घरी जाते हे. त्याले लकवा मारला ना बाई. वाचा गेली, उजवा हात गेला. डाक्टर म्हनते, हात हालवा, कोशिस करा, येईन. पन तो पटल्या मोठा जिद्दी. भिताडाकडं तोंड करून बसते. हे आपली सायकल नेऊन त्याच्या हाताखाली घंटी येईन अशी उभी करते अन् बसते. म्हनते, ड्रायव्हरनं बेल देली तरच सायकलवर बसून जाईन. थो देत नाई, हे बसत नाई. येते मंग पायी."

"किती महिने?"

"पाऊस सरला तवापासून."

त्यानंतर मी पंक्चर विचारणं बंद केलं. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी काकाजी पायी आले, फाटकाशी थांबले आणि म्हणाले, "काऊन मॅडमबाई, पंक्चर पुसून नाई राहिल्या आता? पुसत जा. बरं वाटते."

तर उन्हाळ्याच्या तोंडाची गोष्ट. मोह गळायला लागला होता. या दिवसांत घाटात अस्वलं उतरतात, हे आमच्याकडे लहान मूलही सांगेल. नाक्यावरच्या गार्डनेही सांगितलं होतं की जरा आवाज करत जा. घाटमाथ्याच्या थांब्यावर आम्ही नेहमीप्रमाणे उतरलो. काकाजी ओट्यापाशी उभे राहून "उतरनारे आधी!" म्हणत होते. तेवढ्यात मोहाच्या झाडामागे पाला खसखसला आणि काहीतरी काळं, मोठं, केसाळ हललं.

"अस्वल!" नेहा किंचाळली.

यापुढचं मी अभिमानाने सांगत नाही. माणूस किती वेगाने सायकलवर बसू शकतो, याचा मला तोवर अंदाज नव्हता. घाटाच्या उतारावर आम्ही तिघं असे सुटलो की ब्रेक लावायची आठवण थेट खालच्या नाल्याच्या पुलावर झाली. धापा टाकत मागे पाहिलं. सर होते. नेहा होती. काकाजी नव्हते.

"मागेच असतील," सर म्हणाले. "ते नेहमी मागेच असतात."

आम्ही थांबलो. शिट्टी नाही. हाका मारल्या. डोंगराने त्या जशाच्या तशा परत पाठवल्या. नेहाचा चेहरा पांढरा पडला. माझ्या डोळ्यांसमोर काही ना काही येत होतं आणि प्रत्येक गोष्टीत सुशीलाकाकू ताटली हातात घेऊन फाटकात उभ्या होत्या. त्यांना काय सांगायचं? आणि चिचटोल्याला भिंतीकडे तोंड करून बसलेल्या त्या माणसाला कोण सांगणार?

तेव्हा एकदम माझ्या लक्षात आलं. भीती होतीच, पण हसूही फुटायला लागलं.

"सर, मी बेल दिली नाही."

"काय?"

"आपण डबल बेल न देता निघालो. ते तिथेच उभे असणार."

डोंगरवार सर गणिताचे. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "शक्यता दाट आहे." त्यांनी रस्त्याकडेची एक वाळकी फांदी उचलली आणि आम्ही घाट पुन्हा चढायला लागलो. तो घाट मी एकाच दिवशी दोनदा चढले, हे डॉक्टरांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. वर जाताना मी सगळा वेळ घंटी वाजवत होते. अस्वलासाठीही आणि काकाजींसाठीही.

काकाजी होते. सायकलवर बसलेले, एक पाय पायडलवर, एक जमिनीवर. त्यांच्या शेजारी एक भलीमोठी म्हैस उभी होती आणि मोहफुलं खाऊन तृप्त झाली होती.

"हे एकच सीट भेटलं अठी," काकाजी म्हणाले. "तिकीट काढत नाई म्हनते."

मला रडू आणि हसू एकदम आलं. असा सुटकेचा निःश्वास मी बारावीच्या निकालालाही टाकला नव्हता. नेहा तर सायकल टाकून ओट्यावरच बसली आणि रडायला लागली. डोंगरवार सर मात्र रागावले. सुटका झाली की काही माणसं रागावतात.

"अहो रामटेकेजी, खरंच अस्वल असतं तर? बेल नाही मिळाली म्हणून उभे राहिला असता?"

"अस्वल असतं त झाडावर चढलो असतो जी," काकाजी शांतपणे म्हणाले. "पन थांबा नसता सोडला. मागं राहिलेल्या कंडक्टरनं जागा सोडाची नसते. ड्रायव्हर मागं येते."

मग त्यांनी त्या थांब्याची गोष्ट सांगितली. याच ओट्यापाशी, गाव इथे होतं तेव्हा, ते एका म्हातारीचं गाठोडं टपावरून उतरवून द्यायला खाली उतरले होते. गाडीतल्या कुण्या टवाळाने दोरी दोनदा ओढली आणि गाडी सुटली. खिडक्या लावलेल्या, इंजिनाची घरघर. यांची शिट्टी कुणाला ऐकू गेली नाही. संध्याकाळ होत आलेली, मधे सगळं जंगल.

"पटलेभाऊच्या ध्यानात आलं, मागून 'पुढं सरका, पुढं सरका' असं कोनी म्हनून नाई राहिलं. माझा आवाज येत नाई म्हंजे कंडक्टर गाडीत नाई, हे त्यानं वळखलं. घाटात गाडी पलटवाले जागा कुठं हाय, सांगा? त्यानं पुरी यष्टी रिव्हर्समंदी आनली वर. मागं 'येऊ द्या, येऊ द्या' म्हनायले कोनी नाई. एकटा. खिडकीतून मुंडकं काढून, मले शिव्या देत." काकाजी हसले. "लांबूनच शिव्या आयकू येत होत्या जी. इतक्या गोड शिव्या मी जनमात आयकल्या नाई."

म्हैस फुरफुरली.

"तुमी येसान हे मले मालूम होतं," काकाजी म्हणाले. "पन मॅडमबाई, आता बेल द्या. पाय आखडला."

मी दिली. टण टण.

त्या दिवशी फाट्यावर आम्ही घराकडे वळलो नाही. न विचारता त्यांच्या मागोमाग चिचटोल्यात गेलो. त्यांनी एकदा मागे पाहिलं आणि आमची डोकी मोजली.

पटल्यांचं घर शेणाने सारवलेल्या अंगणाचं. ओसरीत खाटेवर एक उंचापुरा माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. खाकी शर्ट अजून अंगात होता. उजवा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्याच कुणाचा तरी ठेवायला घेतल्यासारखा. पटलेकाकूंनी आम्हाला पाणी दिलं.

"राम राम, ड्रायव्हर," काकाजी म्हणाले. मग जरा थांबले. आम्हाला हळूच म्हणाले, "पयले 'जयभीम, कंडक्टर' म्हनत होता. आता मनात म्हनते."

त्यांनी सायकल खाटेला लावून उभी केली. पटल्यांचा उजवा हात उचलून हँडलवर ठेवला, अंगठा घंटीवर. मग खाटेच्या टोकाशी बसून त्यांनी तक्रार सुरू केली.

"पटलेभाऊ, हे तीन सीट पाहा. शिकले-सवरलेले. आज घाटावरच्या थांब्यावर मले सोडून पळाले. बेल न देता! म्हशीले भेऊन!"

पटलेभाऊंची मान वळली. पहिल्यांदा भिंतीकडून आमच्याकडे. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, पण डोळे पक्के ड्रायव्हरचे होते. त्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेला शब्दांची गरज नव्हती. आम्हाला सगळ्या शिव्या व्यवस्थित पोहोचल्या.

"म्या म्हनलं, आपला पटल्या त पुरी यष्टी रिव्हर्स घेऊन आलता," काकाजी बोलतच होते. "ह्यायले साधी सायकल नाई थांबवता आली."

पटलेभाऊंचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं, त्रास होतोय. पटलेकाकूही धावल्या. पण ते हसत होते. आवाज न करता, अर्ध्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि त्या हसण्याच्या हिसक्यातच की आणखी कशाने, कोण जाणे, घंटीवरचा अंगठा हलला.

टण.

अंगणातली कोंबडीसुद्धा थांबली. पटलेभाऊ स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी दात आवळले. कपाळावर शीर उभी राहिली. अंगठा थरथरत पुन्हा घंटीवर चढायला लागला. आम्ही तिघं श्वास धरून. मी तर मनातल्या मनात तो अंगठा ढकलत होते.

काकाजींनी हळूच आपला तळवा घंटीवर ठेवला.

"बस्स," ते म्हणाले. "बस्स, भाऊ. एक बेल झाली ना. म्हंजे थांबा. मी थांबतो. कोनाले घाई हाय?"

आणि ते खरोखरच खाटेवर मांडी घालून बसले, दुपारच्या जेवणाला आल्यासारखे. पटलेकाकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि चुलीकडे गेल्या. आम्ही तिथून निघालो. फाट्यापाशी नेहा म्हणाली की ती उद्याच सायकलला घंटी बसवून घेणार आहे.

संध्याकाळी मी मुद्दाम फाटकात उभी होते. सुशीलाकाकूही त्यांच्या फाटकात. उन्हं कलली तशी रस्त्याच्या टोकाला काकाजींची पांढरी टोपी दिसली. पायीच होते. सायकल हातात. माझं मन जरा खट्टू झालं. पण ते जवळ आले, आणि त्यांचा चेहरा पाहून मला विचारल्यावाचून राहवेना.

"काय काकाजी, पंक्चर?"

"नाई."

"मग? आज तर बेल मिळाली की!"

"एकच भेटली ना," काकाजी म्हणाले. "दुसरी पुढच्या रविवारी देतो म्हनते."

"म्हणते? बोलले पटलेभाऊ?"

त्यांनी सायकल भिंतीला लावली, टोपी काढून डोकं पुसलं आणि माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"मॅडमबाई, ड्रायव्हरनं बोलाव लागते का कंडक्टरसंगं?"